फुकटची मच्छरदाणी



बरेच दिवस काही लिहिलं नाही, म्हणून नातीने विचारलं, "आजी, ब्लॉग बंद केलास का?" बंद नाही केला गं. विषय डोक्यात होता, पण तो नीट समजून घेतल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. इतिहासाच्या मास्तरणीची ही जुनी खोड. वर्गात फळ्यावर सनावळी लिहिण्याआधी मी तीनदा पुस्तक बघत असे.

निमित्त झालं आमच्या बंड्याचं. बंड्या म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. गेली दोन वर्षं तो केनियात आहे, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, किसुमूजवळ रस्त्याच्या कामावर. परवा फोनवर म्हणाला, "मावशी, इथं सरकार लोकांना मच्छरदाण्या फुकट वाटतं आणि लोक त्यावर मासे वाळवतात! एकजण तर मच्छरदाणीने मासे धरत होता. फुकटची किंमत नसते, तू म्हणायचीस ना, तेच खरं."

हो, मी म्हणायची. अगदी ठासून म्हणायची. त्यामुळेच ते वाक्य उलटून माझ्याकडे आलं तेव्हा जरा चरकले. का, ते शेवटी सांगते. आधी मच्छरदाणीचा इतिहास.

बंड्याने सांगितलेल्या मासे आणि मच्छरदाणीच्या गोष्टीला अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक जोड आहे. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इजिप्तच्या दलदलीत राहणाऱ्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय की हे लोक दिवसा ज्या जाळ्याने मासे धरतात, तेच रात्री अंथरुणाभोवती लावून झोपतात. डास कपड्यातून चावतात, पण जाळ्याच्या वाटेला जात नाहीत म्हणे. म्हणजे आफ्रिकेतली ही पहिली लेखी मच्छरदाणी मासे धरायच्या जाळ्याचीच होती! बंड्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मावशी, तू पण ना..."

आता आपल्याकडची आठवण. माझा जन्म १९५० चा, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातला. घराभोवती भातखाचरं, मागे विहीर, डासांना काय तोटा. हिवताप हा घरातल्या पाहुण्यासारखा होता, पावसाळा सरता सरता यायचाच. हुडहुडी भरली की आई एकावर एक गोधड्या टाकायची, तरी दात वाजायचे. मग कोयनेलची कडू गोळी. माझ्या धाकट्या भावाची पानथरी वाढलेली होती, पोट पुढे आणि हातपाय काटक्या. घरात मच्छरदाणी एकच. तिच्यात आजोबा झोपायचे, आणि घरात बाळंतीण असेल तर ती. आम्ही पोरं ओळीने बाहेर. एकच जाळी असली की तिच्यात कोण झोपणार हे वयाने आणि मानाने ठरतं, गरजेने नाही. हे तेव्हा कुणाला खटकलं नाही, मलाही नाही.

मग मलेरियावाले यायला लागले. पाठीला पंप लावून भिंतींवर डीडीटी फवारायचे, दारावर तारीख लिहून जायचे. ते कोण, कुठून आले, हे मला पुढे कॉलेजात गेल्यावर कळलं. पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाला १९३९ मध्ये डीडीटी किडे मारतं हे सापडलं, १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. भारतात १९५३ मध्ये हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचं निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झालं. एके काळी वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असतील असा अंदाज होता, ते साठच्या दशकाच्या मध्यावर लाखाच्या आसपास आले. पुढे ढिलाई झाली, डास डीडीटीला सरावले आणि १९७६ मध्ये आकडा पुन्हा ६४ लाखांवर गेला. तो ताप मी शिक्षिका म्हणून पाहिलाय. वर्गातले निम्मे बाक रिकामे.

आफ्रिकेचं काय झालं? जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ मध्ये जगातून हिवताप घालवायची मोहीम सुरू केली, पण सहाराच्या दक्षिणेकडचा बहुतेक आफ्रिका त्यातून वगळलेलाच होता. तिथला प्रसार फार जोरदार, रस्ते आणि दवाखाने अपुरे, तिथं जमायचं नाही असं ठरलं. १९६९ मध्ये ती मोहीमच गुंडाळली. ज्या खंडात हिवतापाने सगळ्यात जास्त मुलं मरत होती, तोच 'जागतिक' या शब्दात बसला नाही.

याच्याही मागे जाऊ. हिवताप डासामुळे होतो याचा पहिला पक्का धागा सापडला तो आपल्या सिकंदराबादेत. अल्मोड्याला जन्मलेला लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस. हुसेन खान नावाच्या रुग्णाला पैसे देऊन त्याने डासांकडून चावून घेतलं आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी त्या डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. (त्या हुसेन खानाचं नाव पाठ्यपुस्तकात कधी आलं नाही. मी मात्र वर्गात आवर्जून सांगायची.) १९०० च्या उन्हाळ्यात सॅम्बन आणि लो हे दोन डॉक्टर रोमजवळच्या तापसरीच्या दलदलीत दारं-खिडक्यांना जाळी लावलेल्या झोपडीत राहिले. सूर्यास्त ते सूर्योदय बाहेर पडायचं नाही, एवढंच पथ्य. आजूबाजूची माणसं तापाने फणफणली, हे दोघं ठणठणीत. म्हणजे जाळी लावली की ताप टळतो हे सिद्ध होऊन सव्वाशे वर्षं झाली.

मग त्या ज्ञानाचं आफ्रिकेत काय केलं? सिएरा लिओनची राजधानी फ्रीटाऊन. तिथल्या मुलांच्या रक्तात हिवतापाचे जंतू सापडतात आणि तेच डास पुढे गोऱ्यांना चावतात, तेव्हा गोऱ्यांनी लांब राहावं असा सल्ला इंग्रज डॉक्टरांनी दिला. १९०४ मध्ये साहेब लोकांसाठी टेकडीवर 'हिल स्टेशन' नावाची वेगळी वसाहत उभी राहिली, तिथं जायला आगगाडीही. मुलांना तापापासून वाचवायचं नव्हतं, साहेबाला मुलांपासून वाचवायचं होतं. हे वाचलं त्या रात्री मला आमच्या घरातली आजोबांची मच्छरदाणी आठवली. तुलना ओढूनताणून केलेली वाटेल, पण आठवली खरी.

साधी मच्छरदाणी तशी अपुरीच. भोक पडलं की डास आत, हात जाळीला टेकला की बाहेरून चावतो. तिला बळ मिळालं औषधामुळे. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात कीटक मारणारं द्रव्य असतं, केनियात त्या फुलाची शेतीच होत असे. पण ते उन्हात टिकत नाही. इंग्लंडमध्ये मायकेल एलियट यांनी १९७३ मध्ये त्याच धर्तीवर पर्मेथ्रिन हे टिकाऊ औषध बनवलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आजच्या बुर्किना फासोमध्ये सुमुसो या गावी प्रयोगाच्या झोपड्यांत जाळ्या या औषधात बुडवून लावल्या. त्यांना मुद्दाम भोकं पाडली होती! तरी डास कमी आले, कमी चावले. युक्ती अशी की माणसाच्या श्वासाच्या वासाने डास येतो, जाळीवर बसतो आणि औषध लागून मरतो. झोपलेला माणूस हेच आमिष. आफ्रिकेतले मुख्य डास बहुतकरून रात्री उशिरा, घरात आणि माणसालाच चावतात, म्हणून ही युक्ती तिथं फार लागू पडली.

याच काळात तिथं मोठं संकट आलं होतं. क्लोरोक्विन ही गोळी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून पूर्व आफ्रिकेत निकामी होऊ लागली आणि ते लोण पसरत गेलं. अशा वेळी १९९१ मध्ये गांबियाच्या खेड्यांतला निकाल आला. गावातल्याच आरोग्यसेविकांच्या मदतीने लोकांच्या जाळ्या औषधात बुडवल्या होत्या. एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू ६३ टक्क्यांनी कमी झाले. जगाला खरं वाटेना. म्हणून आणखी मोठे प्रयोग झाले. गांबियातच देशपातळीवर, केनियात किलिफीला, घानात नाव्हरोंगोला, बुर्किना फासोत. आकडे इतके मोठे आले नाहीत, पण सगळीकडे मृत्यू घटले. सगळ्यांची गोळाबेरीज ख्रिश्चन लेंगेलर यांनी मांडली. लहान मुलांचे एकूण मृत्यू साधारण सहाव्या हिश्श्याने कमी. दर हजार मुलांमागे दर वर्षी पाच ते सहा जीव.

हजारात पाच-सहा म्हणजे काही फार नाही, असं तुम्हाला वाटेल. आमच्या शाळेत एके काळी हजारभर मुलं होती. दर वर्षी जूनमध्ये हजेरीपट नव्याने लिहिताना त्यातली पाच-सहा नावं लिहायची नाहीत, असं मनाशी धरून बघा. ही मुलं तर शाळेच्या वयापर्यंतही न पोचलेली.

आता मूळ भांडणाकडे येते. जाळी उपयोगी आहे हे ठरलं, पण ती द्यायची कशी? विकत की फुकट?

विकत द्यावी म्हणणारे मूर्ख नव्हते. ते म्हणत, पैसे मोजले की माणूस वस्तू जपतो. खरी गरज असलेलाच घेईल. गावात दुकानं उभी राहतील, मदत आटली तरी जाळ्या मिळत राहतील. टांझानियात किलोंबेरो आणि उलांगा भागात १९९६ नंतर 'झुइया म्बू' म्हणजे 'डास अडवा' या नावाने जाळ्या सवलतीत विकल्या. तिथं जाळी वापरणाऱ्या मुलांच्या जगण्यात २७ टक्के सुधारणा दिसली. म्हणजे विकूनही काम झालं, हे मान्य करायला हवं.

पण दुसरीकडे गांबियात काय झालं पाहा. जाळ्या लोकांच्या होत्याच, औषध सुरुवातीला फुकट होतं. दुसऱ्या वर्षी औषधाला थोडे पैसे लावले, आणि जाळ्या बुडवून घेणाऱ्यांची संख्या एकदम घसरली. २५ एप्रिल २००० रोजी नायजेरियात अबुजाला ४४ आफ्रिकी देशांची परिषद भरली. २००५ पर्यंत ६० टक्के मुलं आणि गरोदर स्त्रिया जाळीखाली झोपतील, जाळ्यांवरचे कर आणि जकात काढू, असं ठरलं. पाच वर्षांनी बहुतेक देश त्या आकड्याच्या जवळपासही नव्हते.

दरम्यान जाळीच बदलली. जपानच्या सुमितोमो केमिकल कंपनीने धाग्यातच औषध घातलेली जाळी काढली, म्हणजे पुन्हा पुन्हा बुडवायला नको. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली आणि २००३ पासून ती टांझानियात अरुशाच्या ए टू झेड टेक्स्टाइल मिल्समध्ये बनू लागली. अशी जाळी वीसेक धुण्यांना आणि साधारण तीन वर्षांना टिकावी अशी अपेक्षा. आफ्रिकेची जाळी आफ्रिकेतच विणली जाऊ लागली, हे मला फार आवडलं.

केनियाने २००६ मध्ये निर्णय घेतला. गोवराच्या लसीबरोबर लहान मुलांसाठी ३४ लाख जाळ्या फुकट. पाहणी केलेल्या जिल्ह्यांत २००४ मध्ये जेमतेम ७ टक्के मुलं औषधी जाळीखाली झोपत होती, २००६ अखेर ६७ टक्के. आणि गरीब-श्रीमंत यांतलं अंतर जवळजवळ मिटलं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की जाळ्या सगळ्यांना द्या, फुकट किंवा भरपूर सवलतीत.

तरी 'फुकटची किंमत नसते' हे वाक्य उरलंच. ते तपासलं जेसिका कोहेन आणि पास्कालिन दुपा या दोन अर्थतज्ज्ञ बायकांनी, पश्चिम केनियातच, म्हणजे बंड्याच्याच भागात. गरोदर स्त्रियांच्या दवाखान्यांत काही ठिकाणी जाळी फुकट, काही ठिकाणी वेगवेगळ्या किमतींना. त्यांचा निबंध २०१० मध्ये आला. किंमत शून्यावरून ४० शिलिंग केली, म्हणजे डॉलरच्या अर्ध्याहून थोडी जास्त, तर जाळी घेणाऱ्यांचं प्रमाण शेकडा ६० अंकांनी उतरलं. आणि पैसे देऊन घेतलेल्या बायका ती जास्त वापरत होत्या का? नाही. फुकट मिळालेल्याही तितकीच वापरत होत्या. पैसे लावल्याने आजारी बायकाच तेवढ्या आल्या, असंही झालं नाही. ज्यांच्याकडे ४० शिलिंग नव्हते, त्या आल्या नाहीत, एवढंच.

आणखी एक गोष्ट. केनियातच असेंबो भागात दिसलं की ज्यांच्याकडे जाळी नाही पण शेजारीपाजारी जाळ्या आहेत, साधारण ३०० मीटरच्या आत, त्या घरांनाही फायदा झाला. डासच कमी झाले ना! म्हणजे माझी जाळी शेजाऱ्याच्या लेकराला वाचवते. अशी वस्तू मी चार पैसे देऊन घेईन की नाही, यावर ती सोडून कशी द्यायची? रस्त्यावरचा दिवा कुणी घरपट विकतं का?

आता मासे. बंड्याने पाहिलं ते खोटं नाही. व्हिक्टोरियाकाठच्या कोळीवाड्यांत जाळ्यांवर 'ओमेना' नावाची बारकी मासळी वाळवतात, आपल्याकडे जवळा-सुकट वाळवतो तशी. २००८ मध्ये यावर शास्त्रज्ञांचा लेखही आला होता. इतर सरोवरांतही जाळीने मासे धरतात, आणि त्यात पिल्लंसुद्धा सापडतात ही खरी चिंता आहे. पण मोठ्या पाहण्या सांगतात की असे प्रकार एकूण जाळ्यांच्या मानाने थोडे. काठावरची एक जाळी फोटोत येते. घरात अंधारात लावलेल्या हजार जाळ्यांचा फोटो कोण काढणार?

हिशेब पाहा. २००० मध्ये सहाराच्या दक्षिणेला शंभरातली दोन माणसंही औषधी जाळीखाली झोपत नव्हती. २०१५ मध्ये निम्म्याहून जास्त. त्या पंधरा वर्षांत आफ्रिकेत हिवतापाची ६६ कोटी ३० लाख आजारपणं टळली आणि त्यातली ६८ टक्के मच्छरदाणीमुळे, असा अभ्यास 'नेचर'मध्ये छापून आलाय.

लढाई संपलेली नाही. २०२३ मध्ये जगात ५ लाख ९७ हजार माणसं हिवतापाने गेली, त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत, आणि तिथल्या मृतांत तीन-चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं. जुन्या औषधाला डास सरावले. म्हणून दोन औषधांच्या जाळ्या आल्या. टांझानियातल्या प्रयोगात त्यांच्यामुळे दोन वर्षांत मुलांतला हिवताप नेहमीच्या जाळीपेक्षा ४४ टक्के कमी झाला आणि २०२३ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. त्याच वर्षी ऑक्सफर्डने शोधलेल्या आर-२१ लसीची शिफारस झाली. ती बनते कुठे? आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये! जुलै २०२४ पासून आयव्हरी कोस्ट आणि दक्षिण सुदानमधल्या बाळांना ती मिळू लागली. सिकंदराबादेत सुरू झालेली गोष्ट फिरून पुण्याला आली म्हणायची. पण लस आली म्हणून जाळी काढायची नाही, दोन्ही लागतात. आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा जाळ्यांच्या योजनाही अडकल्या. 'मदत आटली तर काय' हा जुना प्रश्न विकत देणाऱ्यांनी उगीच विचारला नव्हता.

आता माझं. १९८० च्या दशकातली गोष्ट. गावातल्या एका सद्गृहस्थांनी आमच्या शाळेतल्या मुलांसाठी वह्या दिल्या. फुकट वाटायला. मी म्हटलं, फुकट नको, वहीमागे आठ आणे घेऊ, म्हणजे मुलं जपतील. सगळ्यांना पटलं. जमलेल्या पैशांतून ग्रंथालयाला पुस्तकं घेतली, मला केवढा अभिमान! माझ्या वर्गात सातवीत एक मुलगी होती. रोज म्हणायची, "बाई, वही विसरले." मी रोज तिला बाहेर उभी करायची. दिवाळीनंतर ती यायचीच बंद झाली. पुढे तिच्या शेजारणीकडून कळलं, घरात शाळेत जाणारी चार भावंडं, वह्या लागणार कितीतरी, आईने दोघा मुलग्यांच्या घेतल्या. वह्या कमी पडल्या तेव्हा कुणाला मिळाल्या, ते वयाने आणि मानाने ठरलं. ती बाहेरच्या ओळीत.

तिने वही जपली असती की नाही हे मला कधी कळलं नाही, कारण ती तिला मिळालीच नाही. केनियातल्या त्या अभ्यासात न आलेल्या बायकांबद्दल वाचताना मला व्हरांड्यातली ती मुलगी दिसत होती. चाळीस वर्षं मी ते वाक्य शहाणपण म्हणून सांगत आले, भाच्यालाही शिकवलं.

बंड्याला मी एक काम सांगितलं. म्हटलं, मासे वाळवणाऱ्यांना नुसतं विचारून ये की ही जाळी कुठली. रविवारी तो गेला. एकजण म्हणाला, ही जुनी, फाटलेली, नवी घरात पोरांवर आहे. त्याने नेऊन दाखवलीही. दुसऱ्याने खांदे उडवले, म्हणाला, ताप कधीतरी येतो, भूक रोज लागते. बंड्या म्हणाला, "मावशी, याला काय उत्तर देऊ?" मी म्हटलं, उत्तर देऊ नकोस, ऐकून घे.

असो. फार लांबलं. तुमच्या घरी मच्छरदाणीत कोण झोपायचं, हे आठवत असेल तर नक्की लिहा. दादा, आजोबांची ती जाळी पुढे कुठे गेली, तुला आठवतं का रे?